पुन्हा तोच पासपोर्ट!

फुटबॉलमध्ये भारत हरला की हीच चर्चा. ऑक्टोबर 2025 मध्ये गोव्यात, फातोर्ड्याला सिंगापूरने आपल्याला 2-1 हरवलं, आशिया चषकात खेळायची संधी हातची गेली, आणि पुन्हा सगळे विचारू लागले: परदेशातली भारतीय वंशाची मुलं का खेळत नाहीत? अरे, कशी खेळणार? फिफाला आजी किंवा आजोबा इथे जन्मलेले चालतात, पण त्या देशाचं नागरिकत्व हवंच. आपण दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) भारताकडून खेळता येत नाही. म्हणजे पंचविशीतल्या पोराने आपला पासपोर्ट, युरोपातल्या क्लबांशी करारांची सोय, सगळं सोडायचं! इंग्लंडचा भारतीय वंशाचा फुटबॉलपटू मायकल चोप्राचं घोडं इथेच अडलं. भारताकडून खेळायचं म्हणून अराता इझुमीने जपानचं नागरिकत्व सोडलं, रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं. विल्यम्सची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, तरीही त्याला हा सगळा खटाटोप करावा लागला. तिकडे जेमतेम पाच लाख वस्तीचा आफ्रिकेतला बेटांचा देश केप व्हर्दे परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना हाक मारतो आणि 2026 च्या विश्वचषकाला पात्र ठरतो. आपण वर्षानुवर्षं फक्त चर्चा करतो. खेळाडूंपुरता तरी अपवाद करा ना! मतदानाचा हक्क कोण मागतंय? फक्त निळी जर्सी मागतायत ती मुलं.