मेनूत काय नाही, तेही बघा

समुद्री खाण्याचं फ्रेंच रेस्टॉरंट चांगलं आहे की नाही, हे मी त्याच्या मेनूत काय नाही त्यावरून ठरवते. सप्टेंबरमध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात, किनाऱ्यावरच्या कांकाल गावी मैत्रिणीबरोबर जेवले, तेव्हापासून हे मत आणखी पक्कं झालंय.

मैत्रीण कामानिमित्त रेन शहरात राहते, तिथून कांकाल साधारण तासाभराच्या अंतरावर. बंदरासमोर ओळीने रेस्टॉरंट्स आहेत. त्यातल्या एकात बसलो आणि मी उत्साहाने स्कॅलप्स, म्हणजे पंख्याच्या आकाराच्या शिंपल्यातला मऊ गर, आहेत का विचारलं. वाढणाऱ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ऑक्टोबर उजाडल्यावर या." फ्रान्समध्ये १५ मे ते १ ऑक्टोबर या काळात स्कॅलप्स समुद्रातून काढायला बंदी असते. जवळच्या सँ-ब्रियच्या उपसागरात तर हंगाम सुरू झाल्यावरही बोटींना ठरलेल्या दिवशीच, आणि तीही जेमतेम पाऊण तास, जाळी ओढता येतात. गोठवलेले स्कॅलप्स त्या सहज वाढू शकल्या असत्या, पण नाही वाढले. त्याच क्षणी मला त्या जागेबद्दल विश्वास वाटला.

मग आम्ही 'प्लातो द फ्रुई द मेर', म्हणजे समुद्री खाण्याचं मोठं ताट, मागवलं. ठेचलेल्या बर्फावर समुद्री शेवाळ, आणि त्यावर कच्ची कालवं, अख्खा खेकडा, कोळंबी, लांब नांग्यांच्या लांगुस्तीन, बुलो नावाच्या जाड शंखातल्या गोगलगायी, टाचणीने ओढून काढायचे इवलेसे काळे बिगोर्नो. सोबत राय नावाच्या धान्याचा पाव, खारवलेलं लोणी, मेयोनेज, लिंबू आणि बारीक चिरलेले छोटे कांदे घातलेलं व्हिनेगर. मैत्रीण कच्चं खात नाही, त्यामुळे ती आधी जरा बिचकली होती. पण अशा ताटात बरंच काही उकडलेलं असतं. कालवं माझ्याकडे आली, खेकडा तिच्याकडे गेला, बाकीचं दोघींत.

खेकड्याची नांगी फोडता फोडता ती म्हणाली, "अगं, पण यात शेफने केलं काय? उकडलं आणि बर्फावर मांडलं. ऐंशी युरो कशाचे?"

हा प्रश्न मी अनेकांकडून ऐकलाय आणि मला तो मनापासून खोडायचाय. कालव ताटात येण्याआधी साधारण तीन वर्षं समुद्रात वाढलेलं असतं. कांकाल ज्यावर आहे त्या मों सँ-मिशेलच्या उपसागरात भरती-ओहोटीतला फरक चौदा मीटरच्या आसपास जाऊ शकतो, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या फरकांपैकी हा एक. ओहोटीला पाणी मागे सरलं की कालवांच्या जाळीदार पिशव्या ठेवलेल्या लांबच लांब मांडण्या उघड्या पडतात. माणसं ट्रॅक्टर घेऊन तिथवर जातात, पिशव्या उलटसुलट करतात, हलवतात, म्हणजे कालवं एकमेकांना चिकटत नाहीत आणि नीट आकार घेतात. भरती परतायच्या आत सगळं आटपायचं. एवढी मेहनत झाल्यावर त्यावर सॉस ओतायचा कशाला?

आणि स्वयंपाकघराचं कामही कमी नसतं. बुलो थोडे जास्त शिजले की रबर होतात. कालव जिवंत असायला हवं, मागणी आल्यावरच उघडायला हवं आणि शिंपल्याचा एक कपचाही आत जाता कामा नये. हात राखून स्वयंपाक करणं हे मला मोठं कौशल्य वाटतं.

शिवाय हा पुरवठा कायमचा आहे असं कुणी समजू नये. फ्रान्समध्ये १९७०च्या सुमारास विषाणूने पोर्तुगीज कालवं जवळजवळ संपवली, परजीवींनी स्थानिक चपट्या कालवांचंही अतोनात नुकसान केलं. आज ताटात बहुतेक वेळा येतं ते तेव्हा जपानहून आणलेल्या जातीचं कालव.

म्हणूनच बारमाही सगळं काही वाढणाऱ्या जागांचा मला राग येतो. पर्यटकांच्या गर्दीच्या एका गल्लीत ऐन जुलैत मला 'ताजे' म्हणून स्कॅलप्स वाढले होते. मऊ, पाणचट, चवीला काही नाही. पैसे गेले याचं तेवढं नाही, पण पाहुण्याला हंगाम कळत नाही हे त्यांनी गृहीत धरलं, ते लागलं.

कांकालच्या त्या बाईंनी मात्र स्कॅलप्सऐवजी याच उपसागरातले काळे शिंपले सुचवले. समुद्रात रोवलेल्या लाकडी खांबांवर ते वाढवतात, २००६पासून त्यांना अधिकृत भौगोलिक मानांकन आहे आणि सप्टेंबर हा त्यांच्या भर हंगामाचा महिना. लहान, केशरट, गच्च भरलेले. मैत्रिणीने पातेल्याच्या तळाचा रस पावाने पुसून खाल्ला.

आणखी एक. हे जेवण घाईचं नाही. हात सतत कामात असतात, त्यामुळे फोन आपोआप बाजूला पडतो. आमच्या कित्येक महिन्यांच्या साचलेल्या गोष्टी त्या खेकड्याभोवती बोलून झाल्या, आणि एकदाही कुणी बिल आणून ठेवलं नाही. मागितल्याशिवाय ते आणत नाहीत, ही तिथली रीत मला फार आवडते.

जाणार असाल तर साधं पिण्याचं पाणी जगमध्ये मागा, ते आणि पाव फुकट असतात. सेवाशुल्क किमतीत धरलेलंच असतं. कालवं पहिल्यांदा खाणार असाल तर तीन नंबरची मागा; आकडा जितका लहान तितकं कालव मोठं, त्यामुळे शून्य नंबरने सुरुवात नको. शिंपल्यातलं पहिलं पाणी ओतून टाका, थोड्या वेळाने आतून पुन्हा सुटतं आणि ते जास्त चवदार असतं. गिळू नका, चावा. आणि पहिलं तरी लिंबू न पिळता खा.