म्हणे "आरामात पोचाल"!

लांबच्या गावाहून जुनी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हटलं की विकणाऱ्याचं वाक्य ठरलेलं: "फुल चार्ज करून देतो, आरामात पोचाल." अहो, कसला आराम! डॅशबोर्डवरचा रेंजचा (म्हणजे अजून किती किलोमीटर जाईल त्याचा) आकडा विकणाऱ्याच्या गावातल्या रमतगमत चालवण्यावरून आलेला असतो. हायवेला १००च्या वेगाने पळवा, हवेचा रोध एवढा वाढतो की तो आकडा डोळ्यांदेखत गळायला लागतो. त्यात बॅटरी आधीच थकलेली. तिची तब्येत विचारली की "मस्त आहे!" एवढंच उत्तर. नवी असतानाच्या किती टक्के उरलीय ते सांगा ना राव, टक्के!

मग चार्जर. नकाशावर हिरवा ठिपका, जागेवर काळी स्क्रीन. चालू असलाच तर त्याचं ॲप वेगळं, वॉलेट वेगळं, आणि ओटीपी यायला नेमकी तिथे रेंज नाही (मोबाइलची, गाडीची तर नाहीच). गाडीचं फास्ट चार्जिंगचं सॉकेट चाडेमो पद्धतीचं असेल आणि समोर फक्त सीसीएस या दुसऱ्या, न बसणाऱ्या पद्धतीची केबल लोंबत असेल, तर बसा बघत. ८० टक्क्यांनंतर चार्जिंग मुद्दाम मंदावतं, बॅटरी जपायला. कळतं हो मला. पण मागे ताटकळलेल्या, दर दोन मिनिटांनी काचेतून डोकावणाऱ्या माणसाला कोण सांगणार?

आणि गाडीचं ॲप अजून जुन्या मालकाच्याच खात्यावर. आडरस्त्याला केबल मी लावायची, नोटिफिकेशन त्यांना! वर फोन करून विचारतात, "अजून तिथेच का?"