राउटरकडे नकाशा नसतो

राउटर, म्हणजे संगणकांच्या जाळ्यात माहिती पुढे पाठवणारे यंत्र, संपूर्ण जाळ्याचा नकाशा पाहून मार्ग निवडतो, असे राउटरविषयीच्या एका लेखात म्हटले आहे. डिस्टन्स-व्हेक्टर पद्धतीला हे लागू होत नाही. तिथे शेजारी राउटर जे अंतर कळवतो, त्यात त्या शेजाऱ्यापर्यंतचे अंतर मिळवून सर्वांत कमी बेरजेचा मार्ग तक्त्यात नोंदवला जातो. रिप (RIP) या अशाच पद्धतीच्या प्रोटोकॉलमध्ये अंतर टप्प्यांत, म्हणजे वाटेतल्या दुव्यांच्या संख्येत मोजतात आणि ही देवाणघेवाण दर ३० सेकंदांनी होते.

सोलापुरात पदविकेच्या विद्यार्थ्यांना शिकवताना मी सोलापूर, मोहोळ आणि पंढरपूर असे तीन राउटर एका ओळीत मांडतो. मोहोळ-पंढरपूर दुवा तुटला आणि मोहोळने ते कळवण्याआधीच सोलापूरने 'पंढरपूर माझ्यापासून दोन टप्प्यांवर आहे' असे सांगितले, तर तो मार्ग आपल्यावरूनच जातो हे समजण्याची सोय नसल्यामुळे मोहोळ तीन लिहिते, मग सोलापूर चार, आणि आकडे चढत राहतात. रिपचे नियम सांगणाऱ्या १९८८ च्या आरएफसी १०५८ या दस्तऐवजात १६ हा आकडा अनंत, म्हणजे 'तिथे पोहोचता येत नाही' असा मानला आहे तो याचसाठी. पंधरापेक्षा अधिक टप्प्यांच्या जाळ्यात रिप त्यामुळेच चालत नाही, आणि ही मर्यादा लेखात यायलाच हवी होती. ज्याच्याकडून मार्ग कळला त्यालाच तो परत न सांगण्याचा स्प्लिट होरायझनचा नियम वरील घोळ टाळतो, परंतु तीन राउटर वर्तुळात जोडलेले असल्यास तोही पुरा पडत नाही.