खिडकीतून आलेला मुलगा

माझी भाची मे महिन्यात आजीबरोबर सांगलीहून आमच्याकडे आली. आम्ही सिॲटलच्या उत्तरेला, बॉथेलला राहतो. नववीची परीक्षा झालेली, जूनपासून दहावीचं वर्ष, म्हणून हे चार आठवडे तेवढे मोकळे. निघायच्या आदल्या रात्री वहिनींचा फोन आला. "तिला हवं तिथे फिरवा, हवं ते खाऊ घाला. फक्त ती व्हॅम्पायरची पुस्तकं हातात पडू देऊ नका." फेब्रुवारीत शाळेतल्या बाईंनी तिच्या दप्तरातून तसली एक कादंबरी काढून घेतली होती आणि वहिनींना बोलावून चारचौघांत सुनावलं होतं.

कादंबरी म्हणजे ट्वायलाइट. २००५ साली आलेली, भाचीच्या जन्माच्याही आधीची. सतरा वर्षांची बेला आणि सतराचाच दिसणारा, पण शंभरी ओलांडलेला रक्तपिशाच्च एडवर्ड यांची प्रेमकथा. त्यानंतर लांडगे, देवदूत, परीलोकातले राजपुत्र अशा किती प्रेमकथा आल्या, आणि आता मराठीतही मुली मोबाईलवर क्रमशः कथा वाचतात, त्यांत यक्ष असतात, शापित राजपुत्र असतात. दर पिढीत कुणीतरी ही पुस्तकं दप्तरात लपवतं आणि कुणीतरी ती काढून घेतं.

आमच्या घरात विरोध दोन बाजूंनी होतो. दादाने उमेदीची वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात घातली. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. दाभोलकरांचा खून झाला, त्या दिवशी त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तो म्हणतो, "लोकांच्या डोक्यातली भुतं काढण्यात माझा जन्म गेला, आणि माझीच पोरगी भुताच्या प्रेमकथा वाचते." त्याची कळ मला कळते. पण मांत्रिकाच्या दारात बसलेला माणूस भुतावर विश्वास ठेवून बसलेला असतो. पुस्तक वाचणाऱ्या मुलीला एडवर्ड खरा नाही हे पक्कं ठाऊक असतं. तो खरा नाही म्हणूनच तर तिला त्याच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येतं. वर्गातल्या मुलाबद्दल एक शब्द काढायची आपल्या घरांत सोय नाही. काढला की शिकवणी बदलते, फोन जातो, बाहेर जायच्या वेळा बदलतात.

वहिनींचं म्हणणं वेगळं. या वयात डोक्यात भलतंसलतं नको. पण ते पुस्तकातून येतं असं त्या धरून चालल्या आहेत, आणि तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही. एका रात्री भाचीने मला सांगितलं की क्लासला जाताना सिटी बसमध्ये ती दप्तर पाठीला लावत नाही, छातीशी धरते. का, ते मला विचारावं लागलं नाही. मीही पंचवीस वर्षांपूर्वी त्याच मार्गावर वह्या छातीशी धरून उभी राहायचे. आईला सांगितलंस का म्हटलं तर म्हणाली, "सांगितलं तर क्लास बंद होईल."

अशा मुलीच्या हातात एक गोष्ट येते. तिच्यातला मुलगा नायिकेला एका क्षणात ठार करू शकतो. तिच्या रक्ताच्या वासाने त्याचा जीव कासावीस होतो, आणि तरी तो मागे सरतो. पानोपान स्वतःला आवरतो. मुली दातांवर भाळतात असं मोठ्यांना वाटतं. मला वाटतं त्या भाळतात त्या आवरण्यावर. हातात सगळी ताकद असूनही ती न वापरणारा पुरुष त्यांना रोजच्या बसमध्ये भेटत नाही.

परदेशात सगळे उदार आणि आपल्याकडचेच मागासलेले, ही मांडणी मला साफ नामंजूर आहे. २००९ साली अमेरिकेत ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वाधिक तक्रारी झाल्या, त्यांच्या अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या यादीत ही मालिका पाचवी होती. लैंगिक मजकूर, धार्मिक दृष्टिकोन, वयाला न शोभणारं वाचन अशी कारणं तक्रारदारांनी दिली होती. आजही इथल्या कित्येक राज्यांत शाळांच्या ग्रंथालयांतून पुस्तकं काढली जात आहेत. वहिनी इथे असत्या तर त्यांना पालकसभेत भरपूर साथ मिळाली असती.

पण इथे आणखी एक वाद झाला, तो मला मोलाचा वाटतो, कारण तो वाचणाऱ्या मुलींनीच घातला. माझी लेक आठवीत असताना आमच्या सार्वजनिक ग्रंथालयातल्या वाचनगटात जायची. तिथल्या ग्रंथपालबाईंनी एक प्रश्न टाकला होता. एडवर्ड रात्री खिडकीतून खोलीत येऊन बेलाला झोपलेली बघत बसतो, हे बेलाला ठाऊक होतं का? ठाऊक नव्हतं. तो मागाहून सांगतो. लेक घरी येऊन दोन दिवस त्यावरच बोलत होती. रक्तपिशाच्चांच्या जुन्या कथांत एक नियम असे, घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरा ओलांडता येत नाही. १८९७ च्या ड्रॅक्युलातही तो आहे. ट्वायलाइटमध्ये तो नियमच नाही. एडवर्ड न विचारता आत येतो.

म्हणजे जो स्वतःला आवरतो तोच न विचारता खोलीतही शिरतो, एकाच पुस्तकात. दोन्ही एकदम दिसायला हवं, आणि पुस्तक काढून घेतलं तर यातलं काहीच दिसत नाही. म्हणून मी वहिनींचा शब्द मोडला. लेकीची जुनी प्रत काढली आणि भाचीजवळ सोफ्यावर बसून तो प्रसंग वाचला. आधी ती म्हणाली, "किती गोड आहे ना, आत्या?" मी काही बोलले नाही. तिने पान मागे उलटून पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "पण दार वाजवायचं ना त्याने."

आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिला गोष्ट थोडक्यात सांगितली. लेखिका स्टेफनी मायर यांना जून २००३ मध्ये स्वप्न पडलं, त्यात कुरणात उभी असलेली मुलगी आणि रक्तपिशाच्च दिसला आणि त्यातून पुस्तक निघालं, हेही सांगितलं. आई म्हणाली, "मग ही उषा-अनिरुद्धाचीच तऱ्हा." बाणासुराच्या मुलीने स्वप्नात बघितलेला मुलगा, मैत्रीण चित्रलेखेने काढलेल्या चित्रावरून तिने ओळखलेला आणि चित्रलेखेने द्वारकेतून झोपेतच उचलून आणलेला. कीर्तनात ऐकलेली ही कथा आईने भाचीला पहिल्यांदाच सांगितली. मला मात्र लहानपणी तिने सांगितल्या त्या दुसऱ्याच गोष्टी. तिन्हीसांजेला केस मोकळे सोडू नकोस, पिंपळाखालून जाऊ नकोस, मुंजा धरेल. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी मेलेला मुलगा, म्हणून अडकलेला. हडळ म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. त्या गोष्टींतली तरुण मुलगी एकतर भुताने धरायची असते, नाहीतर मरून भूत व्हायची असते. तिला काय हवंय हे विचारलं जातं ते उषेच्या गोष्टीत, आणि ती आम्हाला कुणी सांगितलीच नाही.

शनिवारी आम्ही फोर्क्सला गेलो, ट्वायलाइटची गोष्ट घडते त्या गावी. फेरीबोटीने किंग्स्टनला उतरलो, मग पोर्ट एंजलिस, लेक क्रेसेंटच्या काठाने हायवे १०१, सगळे मिळून चार तास. लाकूडतोडीवर उभं राहिलेलं, साडेतीन हजारांच्या आत वस्तीचं गाव. उन्हात व्हॅम्पायरचं अंग चमकतं आणि तो ओळखू येतो, म्हणून लेखिकेने देशातला खूप पावसाचा भाग शोधून त्यातलं हे गाव निवडलं. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे जवळपास आपल्या रत्नागिरीएवढा पाऊस. माहिती केंद्रासमोर बेलाच्या गाडीसारखा जुना लाल ट्रक उभा केलाय. भाचीने त्याच्याजवळ बारा फोटो काढले.

तिथून पुढे ला पुशला समुद्र आहे. किनाऱ्यावर हत्तीएवढे ओंडके वाहून आलेले. ही क्विल्यूट या मूळ अमेरिकन जमातीची वस्ती, २०१२ पर्यंत जेमतेम एक चौरस मैल. कादंबरीत यांची माणसं लांडगे होतात. त्यांच्या स्वतःच्या कथेत उलटं आहे, रूपं बदलून टाकणाऱ्या एका पौराणिक पुरुषाने लांडग्यांपासून माणसं घडवली. खालची वस्ती त्सुनामीच्या तडाख्यात येते, म्हणून उंचावर सरकायला २०१२ च्या कायद्याने त्यांना राष्ट्रीय उद्यानातली ७८५ एकर जमीन मिळाली आणि २०२२ मध्ये शाळा वर गेली. भाचीने हे सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग ओंडक्यावर बसल्या बसल्या विचारलं, "पुस्तक लिहायच्या आधी यांना कुणी विचारलं होतं का?"

नव्हतं विचारलं, मी सांगितलं.

वहिनी, ती पुढच्या रविवारी निघते आहे. ते पुस्तक मीच तिच्या बॅगेत ठेवलंय, कपड्यांच्या वर, लपवून नाही. खिडकीच्या प्रसंगाच्या पानात तिने फेरीची पावती घालून ठेवली आहे. तुम्ही दोघी ते पान एकत्र वाचा, आणि बसमध्ये ती दप्तर छातीशी का धरते ते तिला तेव्हाच विचारा. क्लास मात्र बंद करू नका.