शंभर टक्के झाले की पळावे

टॉरेंटवरून, म्हणजे लोकांनी आपापल्या कॉम्प्युटरवरून एकमेकांना फाईल द्यायच्या जाळ्यावरून, दणदणीत फाईल उतरवून घ्यायची आणि बदल्यात कुणालाही काही द्यायचं नाही, या कलेचे उपासक ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात बरेच आहेत, असं नुकतंच माझ्या लक्षात आलं. त्यातले निम्मे माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातले निघाले. काहींचा हात मात्र अजून बसलेला नाही, म्हणून हे मार्गदर्शन. मार्गदर्शनही फुकटच आहे, तेव्हा संकोच नसावा.

सगळ्यात आधी मनातला न्यूनगंड काढून टाका. तुमच्यामागे मोठी परंपरा आहे. २००० साली ग्नुटेला नावाचं फाईल वाटपाचं जाळं जोरात होतं. झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रातल्या एतान अदार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी ते तपासलं, तर जवळपास ७० टक्के मंडळी एकही फाईल देत नव्हती आणि वरचे १ टक्का लोक जवळजवळ निम्म्या मागण्या भागवत होते. मग काझा आलं. जास्त देणाऱ्याला तिथे रांगेत पुढे घ्यायचे, पण कोण किती देतो हे सांगायचं काम ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमकडे. स्वतःचे गुण स्वतःच द्यायचे म्हटल्यावर कमी कोण देईल? काझा लाइट नावाची आवृत्ती निघाली आणि सगळे फुकटे १००० गुण मिरवत हिंडू लागले. ईम्यूल नावाच्या तशाच दुसऱ्या जाळ्यावाले त्यामानाने खडूस. मी तुम्हाला काय दिलं याची नोंद तिथे तुमच्या मशीनवर राहायची, माझ्या नाही, त्यामुळे थापा मारायला वावच नव्हता. असल्या संशयी लोकांपासून लांब राहावं.

खरी पंचाईत केली ती ब्रॅम कोहेनने. २००१ साली त्याने बिटटॉरेंट आणलं. फाईलचे तुकडे करायचे आणि हातात आलेला तुकडा पुढच्याला देत देत आपला पुढचा मिळवायचा. तुमचा क्लायंट, म्हणजे टॉरेंट चालवणारा प्रोग्रॅम, दर १० सेकंदांनी बघतो की आपल्याला कोण चांगल्या वेगाने देतंय. जे देतात त्यांना हा देतो, बाकीच्यांच्या तोंडावर दार बंद. मूळ रचनेत एका वेळी जेमतेम चार जणांना वाटप. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हे आपल्याला आजीने शिकवलं होतं. या गृहस्थाने ते कोडमध्ये लिहून टाकलं.

पण घाबरू नका, त्यात एक फट आहे. नवीन आलेल्याकडे द्यायला काहीच नसतं, म्हणून दर ३० सेकंदांनी एखाद्या अनोळख्याला काहीही न मागता देऊन बघायचं, अशी सोय कोहेनने ठेवली. ती नवख्यांसाठी होती. आपण जन्मभर नवखंच राहावं. २००६ साली झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या लोकांनी बिटथीफ नावाचा क्लायंट करून दाखवला. हा कुणाला एक कणही देत नाही, फक्त शक्य तितक्या लोकांशी जोडून घेतो आणि या दानधर्मावर अख्खी फाईल घरी नेतो. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठातून बिटटायरंट आला. हा देतो, पण समोरचा तुटणार नाही एवढंच, मोजून मापून. मध्यक काढला तर त्याला ७० टक्के जास्त वेग मिळाला. सगळेच असे वागायला लागले तर सगळ्यांचाच सरासरी वेग पडू शकतो, हेही त्याच लोकांनी दाखवून दिलं. तो भाग वाचू नका.

आता प्रात्यक्षिक.

आमचा एक हौशी नाटकाचा ग्रुप आहे. यंदाचा प्रयोग घाणेकर नाट्यगृहात झाला, महाभारतावरचा, संहिता आमच्याच एकाची. तीन कॅमेरे लावले होते. सगळं चित्रीकरण मिळून ८० जीबी. प्रत्येकाला ते जसंच्या तसं हवं, कारण प्रत्येकाला आपापले क्लोजअप कापून रील करायचे. गूगल ड्राइव्ह फुकटात १५ जीबी देतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून ८० जीबी कसं पाठवणार? म्हणून मी टॉरेंट केलं आणि ग्रुपवर लिहिलं, की बाबांनो, आपापलं उतरलं तरी दोन-चार दिवस चालू ठेवा, म्हणजे सगळ्यांना मिळेल. त्यावर भराभर अंगठे आले. अंगठा हे आपल्याकडे अपलोडचं सर्वमान्य स्वरूप आहे.

अपलोडची मर्यादा सेकंदाला १ केबी ठेवावी. शून्य ठेवू नये. आमच्या शल्याने काहीच द्यायचं नाही अशा करारी बाण्याने तिथे शून्य टाकलं. बहुतेक क्लायंटमध्ये शून्याचा अर्थ होतो ‘मर्यादा नाही’. गडी रात्रभर दोन्ही हातांनी वाटत होता! सकाळी त्याला कळलं तेव्हाचा चेहरा मी व्हिडिओ कॉलवर पाहिला. प्रयोगात असा चेहरा एकदाही जमला नव्हता.

वेग कमी आला तर ग्रुपवर ‘सीड करा रे कोणीतरी’ असं लिहावं (सीड करणं म्हणजे आपलं उतरल्यावरही इतरांसाठी चालू ठेवणं). ‘कोणीतरी’ फार महत्त्वाचं, त्यात आपण मोडत नाही.

राहायला ऐरोलीला असाल तर उत्तमच. तिथून रबाळे-महापेपर्यंत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्यातून रात्रंदिवस डेटा येतो आणि जातो. आमची कुंती तिथेच राहते. तिच्या घरी फक्त येतो.

आता सगळ्यात मोलाचा सल्ला, नीट ऐका. कोहेनची सगळी हुशारी तुमची गरज आहे तोवरच चालते. तुम्हाला पुढचा तुकडा हवा असतो म्हणून तुम्ही आधीचा देता. शंभर टक्के झाले, की तुम्हाला कुणाकडून काही नको आणि तुम्हाला कुणी काही करू शकत नाही. त्या क्षणानंतर यंत्राचा कायदा संपतो, पुढचं सगळं माणसावर. म्हणजे आपल्यावर. म्हणजे सुटलो! तेव्हा शंभर झाले की एक सेकंदही न दवडता टॉरेंट काढून टाका.

हे कसं करावं ते आमच्या कर्णाकडून शिकावं. हो, नाटकातला कर्ण. कवचकुंडलं काढून देण्याच्या प्रवेशात या माणसाने दोन बायका आणि एका रिक्षावाल्याला रडवलं होतं. हा राहतो घोडबंदर रोडला. घरात ३०० एमबीपीएसचं फायबर, जाता-येता सारखाच वेग, वर स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, कारण घरातल्या कॅमेऱ्यांसाठी त्याने तो मुद्दाम मागून घेतलाय. मी पीअर्सची, म्हणजे माझ्याशी जोडलेल्यांची, यादी उघडून बसलो होतो. त्याची ओळ सरकत होती, ९९.२, ९९.७, ९९.९. शेवटच्या टप्प्यात वेगाच्या रकान्यात आकडे नुसते उड्या मारत होते. १००.० झालं. मी चहाचा कप उचलून खाली ठेवेपर्यंत ओळ गायब. मला वाटलं नेट गेलं असेल, येईल परत. कसला येतोय! अर्ध्या तासात कर्णाच्या स्टेटसला कर्णाचा क्लोजअप.

आणि तो एकटा नाही. कुंती गेली, अर्जुन गेला, नेपथ्यवाला गेला. प्रत्येक जण शंभरला टेकायचा आणि नाहीसा व्हायचा. टॉरेंटवर शेवटी दोघंच उरलो, मी आणि मेकअपवाले काका. काका कळव्याला राहतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या नातवाने सगळं लावून दिलं होतं. ते अडकले ९८.६ टक्क्यांवर.

तुम्ही म्हणाल, तू आहेस ना चालू, मग काका अडकतील कसे? अडकतात. माझ्याकडेही केबलवाल्याचं नेट आणि काकांकडेही. केबलवाला एका पब्लिक आयपीमागे अख्खी वस्ती कोंबतो, त्यामुळे बाहेरून आत कुणी थेट येऊ शकत नाही. अशी दोन घरं एकमेकांशी जोडायची तर बहुतेक वेळा मधे तिसरा लागतो, ज्याचं दार बाहेरून उघडतं. आमच्या ग्रुपात असं दार एकाच्याच घरी, घोडबंदर रोडला. माझ्याकडचे तुकडे त्याच्याकडे जायचे आणि त्याच्याकडून काकांकडे. त्याने दार ओढून घेतल्यावर मी इकडे रात्रभर पंखा गरगरवत बसलोय आणि काका तिकडे. दोघांकडे नेट आहे, दोघं चालू आहेत आणि आकडा हलत नाही.

काकांचा फोन आला. म्हणाले, “अहो, तुमची फाईल खराब आहे का? बाकी सगळ्यांना मिळाली म्हणतात.” काय सांगणार?

हिशेब करून बघा. ८० जीबीचे राहिलेले १.४ टक्के म्हणजे सव्वा जीबीसुद्धा नाही. काकांचं नेट ४० एमबीपीएस. चार मिनिटांचं काम! घेतले तितके ८० जीबी परत द्यायचे म्हटले तरी ३०० एमबीपीएसने पाऊण तास लागत नाही. मी महिनाभर सीडिंग करा असं म्हणतच नव्हतो. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दीड-दोन जीबीच्या रोजच्या रेशनमधून जो घेतो त्याला मी काही बोलणार नाही, त्याने खुशाल बंद करावं. पूर्वी टेलिफोनच्या तारेवर २५६ केबीपीएसचं नेट असायचं, रात्रीच्या अनलिमिटेडसाठी गजर लावून उठायचो, अपलोड जरा वाढलं की डाउनलोड गुदमरायचं. तेव्हा कुणी हात आखडता घेतला तर समजू शकत होतो. आणि गंमत म्हणजे तेव्हा लोक ठेवायचे चालू! रेशो, म्हणजे घेतल्याच्या किती पट दिलं तो आकडा, एकच्या वर जाईपर्यंत झोप लागायची नाही. आता तीनशे एमबीपीएस आणि नियत एक केबीची.

कारणं तर ऐकून घ्या. लाइटबिल येतं. लॅपटॉप तापतो. मुलाचा ऑनलाइन क्लास होता (रात्री साडेअकराला). आणि कर्णाने दिलेलं कारण मी फ्रेम करून लावणार आहे: “अरे, टॉरेंट म्हणजे पायरसी ना? उगाच लफडं नको.” ८० जीबी घरात आल्यावर हे सुचलं! नाटक आपलं, संहिता आपली, कॅमेरे आपले, क्लोजअप तुझा, आणि लफडं कसलं? उबंटू आणि डेबियनवाले स्वतःच्या साइटवर स्वतःचे टॉरेंट ठेवतात. लिबरऑफिस ठेवतं. इंटरनेट अर्काइव्ह ठेवतं. तुकडे करून वाटायच्या पद्धतीत बेकायदा काही नाही, चोरी कशाची करता त्यावर असतं ते.

तो प्रोग्रॅम बघा एकदा. सगळ्यात दुर्मीळ तुकडा आधी मागतो, का, तर तो जाळ्यातून नाहीसा होऊ नये. कुणीतरी अर्ध्यात सोडून जाणार हे कोहेनने आधीच धरून ठेवलं होतं. पण सगळेच्या सगळे जातील, तेही ज्या माणसाने त्यांच्या तोंडाला रंग लावला त्याला ९८.६ वर टांगून, हे कुठल्या कोडमध्ये लिहायचं?

बास झालं मार्गदर्शन. कर्णा, तू हे वाचतोयस, मला माहितेय. लाज वाटत नाही? प्रयोगाच्या दिवशी त्या काकांनी तीन वाजल्यापासून उभं राहून तेरा जणांचे चेहरे केले. तुझी दाढी दोनदा सुटली, दोनदा चिकटवली. एक शब्द बोलले नाहीत. मानधन विचारलं तर म्हणाले, शूटिंग द्या, नातवाला दाखवायचंय. त्या माणसाला चार मिनिटं देता येत नाहीत तुला? आणि बाकीच्यांनी दात काढू नका, तुम्ही वेगळं काय केलंत? कुंतीताई, तुमच्या स्टेटसला काल काकांनी ‘छान’ म्हणून लिहिलंय, वाचलंत का?

हार्ड डिस्क घेऊन कळव्याला मी जाईनच रविवारी, तो प्रश्न नाही. पण त्याच्या आत ऊठ. फोल्डर हलवला नसशील तर टॉरेंटची फाईल पुन्हा उघड, जागा तीच दाखव, रीचेक कर. शंभर टक्के दाखवेल. मग हात लावू नकोस. चालू राहू दे. आणि लॅपटॉपचं झाकण लावू नकोस गाढवा, झाकण लावलं की तो झोपतो!