ॲन्युइटी घेताय? मग ते 30 दिवस कुठून मोजतात ते आधी बघा

निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले, की ती बातमी घरच्यांच्या आधी बँकेत विमा विकणाऱ्या माणसाला कळते. आपल्या बडोद्यात रिफायनरी, खताचा कारखाना, युनिव्हर्सिटी इथून दर वर्षी माणसं निवृत्त होतात. मग दांडिया बाजार असो की मांजलपूर, घरोघरी तेच वाक्य ऐकू येतं: "काका, एकदाच पैसे भरा, जन्मभर पेन्शन, आणि मूळ रक्कम घरच्यांना परत."

एकरकमी पैसे भरून जन्मभर पेन्शन देणाऱ्या या पॉलिसीला ॲन्युइटी म्हणतात. ही वस्तू वाईट नाही. व्याजदर पुढे कितीही खाली आले तरी ठरलेली रक्कम मरेपर्यंत मिळते, ही हमी दुसरीकडे सहसा सापडत नाही. माझी तक्रार नियमाबद्दल आहे. पॉलिसीची कागदपत्रं मिळाल्यापासून 30 दिवसांत ती रद्द करता येते. यालाच फ्री लूक म्हणतात. 2024 च्या आधी बहुतेकांना 15 दिवसच मिळायचे, म्हणजे सुधारणा झाली हे मान्य. पण ॲन्युइटीतली चूक कागद हातात आल्यावर कळत नाही, पहिली पेन्शन जमा झाल्यावर कळते. पेन्शनचा वार्षिक हप्ता निवडला असेल तर पहिली रक्कम वर्ष संपल्यावर येते. तोवर ते 30 दिवस केव्हाच उलटलेले असतात. ही मुदत पेन्शनचा पहिला हप्ता जमा झाल्यापासून मोजायला हवी, असं माझं ठाम मत आहे. कंपन्या म्हणतील, व्याजदर बदलले की लोक वर्षभराने पैसे काढून पळतील. तर मग परत करताना दरातला फरक कापून घ्या. दार मात्र बंद करू नका.

नेमकी चूक कुठे होते ते बघा. समजा साठीच्या माणसाने 20 लाख भरले. 'फक्त हयातीपर्यंत' या पर्यायात महिन्याला 13,000 आणि 'खरेदी किंमत परत' (मृत्यूनंतर भरलेली रक्कम घरच्यांना) या पर्यायात 10,800 मिळतात असं धरू. (आकडे समजण्यापुरते, खरा दर वय, कंपनी आणि तारखेवर ठरतो.) विकणारा आकडा सांगतो पहिल्या पर्यायाचा आणि वाक्य म्हणतो दुसऱ्याचं. फॉर्मवर मात्र एकाच पर्यायाचं अक्षर लिहिलेलं असतं. ते पहिल्याचं असेल आणि काका तिसऱ्या वर्षाअखेर गेले, तर हाती आलेले 4,68,000 एवढाच हिशोब. बाकीचे पैसे संपले, काकूंना शून्य. नॉमिनी म्हणून काकूंचं नाव असल्याने काही होत नाही, कारण नॉमिनीला द्यायला काही उरलेलंच नसतं. बायकोला पुढे पेन्शन हवी असेल तर 'जॉइंट लाइफ' घ्यावी लागते. त्यातही दुसऱ्याला निम्मी मिळणार की पूर्ण, हे वेगळे पर्याय आहेत.

सरेंडरचंही, म्हणजे पॉलिसी मधेच मोडण्याचंही, तसंच. एलआयसीच्या जीवन अक्षय-7 मध्ये दहा पर्याय आहेत आणि त्यातल्या फक्त दोनांत, एफ आणि जे, म्हणजे खरेदी किंमत परत मिळते अशांतच, तीन महिन्यांनंतर पॉलिसी मोडता येते. बाकी आठांत पैसे अडकले ते अडकले. उद्या बायपासला पाच लाख लागले तरी.

'दहा वर्षांनी 11 टक्के' म्हणून विकली जाणारी डिफर्ड ॲन्युइटी तर मला सगळ्यात फसवी वाटते. 10 लाख भरले, दहा वर्षं काही नाही, नंतर वर्षाला 1,10,000. हे 11 टक्के मूळ 10 लाखांवरचे आहेत. तेच पैसे 6 टक्क्यांनी वाढत राहिले असते तर दहा वर्षांनी 17,91,000 झाले असते, आणि त्यावर 1,10,000 म्हणजे जेमतेम 6.1 टक्के. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 2025 मध्ये 8.2 टक्के मिळत होते, 30 लाखांपर्यंत. मुदत पाच वर्षं, हे खरं. जन्मभराची हमी तिथे नाही. पण तुलना तरी समोर ठेवा ना! दोन्ही आकडे एकाच पानावर छापायची सक्ती असायला हवी. आणि विकणाऱ्याला मिळणारं कमिशनही, टक्क्यांत नव्हे, रुपयांत.

याहून वाईट म्हणजे 'पेन्शन' म्हणून दर वर्षी हप्ता भरायची बचत पॉलिसी गळ्यात मारणं. काकांना वाटतं एकदाच भरायचे होते. पुढच्या वर्षी दोन लाखांच्या हप्त्याची नोटीस येते. प्रपोजल फॉर्मवर 'सिंगल' लिहिलंय का, एवढं बघितलं तरी हा प्रकार तिथेच थांबतो.

आता ते 30 दिवस कसे वापरायचे. पहिलं म्हणजे फॉर्मवरचा मोबाइल आणि ईमेल तुमचाच आहे का ते तपासा. घाईत एजंट आपलाच नंबर टाकतात. मग खातरजमेचा फोनही त्यांनाच जातो आणि ई-पॉलिसीही त्यांनाच पोचते, आणि तुम्हाला पत्ता लागायच्या आत दिवस मोजायला सुरुवात झालेली असते. ग्राहक माहिती पत्रक मागून घ्या. त्यावर पर्याय, पेन्शनची रक्कम, पहिल्या पेन्शनची तारीख आणि मृत्यूनंतर काय मिळणार, या चारच गोष्टी वाचा. बोलणं गुजरातीत, फॉर्म इंग्रजीत, आणि खाली 'मला सगळं समजावून सांगितलं' यावर आपली सही! भांडणात हीच सही आपल्याविरुद्ध उभी राहते, म्हणून सहीच्या आधी फॉर्मचा फोटो काढून ठेवा. रद्द करायचं असेल तर शाखेत अर्ज देऊन पोच घ्या आणि ईमेलही करा. स्टॅम्प ड्युटी आणि दिलेली पेन्शन वजा करून बाकी रक्कम परत येते. एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजनेचे) पैसे असतील तर ते खात्यात येत नाहीत, त्यातून पुन्हा ॲन्युइटीच घ्यावी लागते; निदान पर्याय आणि कंपनी तरी बदलता येते.

एजंट कमिशनातले काही परत देतो म्हणाला तर घेऊ नका. विमा कायद्याच्या कलम 41 प्रमाणे देणारा आणि घेणारा दोघेही दोषी, दंड दहा लाखांपर्यंत.

मुदत उलटली असेल तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. सोबत विमा नियामकाच्या 'विमा भरोसा' पोर्टलवर नोंद करा, किंवा 155255 ला फोन लावा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. आपल्यासाठी ते कार्यालय अहमदाबादला आहे. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा दावा चालतो, पण कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत गेलं पाहिजे. तेच प्रकरण ग्राहक आयोगात दाखल केलेलं असेल तर लोकपाल ते घेत नाहीत, म्हणून कुठे जायचं ते आधी ठरवा. "एजंट तोंडी असं म्हणाला होता" याला तिथे फारशी किंमत नसते. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला 13,000 चा आकडा आणि 'पैसे परत' हे वाक्य एकाच मेसेजमध्ये असेल तर मात्र असते. फोन बदलताना ते चॅट उडवू नका.