मेल एन्क्रिप्ट केला तरी विषयाची ओळ उघडीच राहते

‘मेल एन्क्रिप्ट केला की विषयासकट सगळं कुलपात जातं. विषयात बिनधास्त पूर्ण माहिती लिहा, नंतर शोधायला सोपं पडतं.’ असा एक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. (एन्क्रिप्ट करणं म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करून ठेवणं.) तो माझ्या चुलत बहिणीच्या ऑफिसात पोचला. ती महिलांच्या समुपदेशन केंद्रात काम करते. तिच्या एका सहकारी बाईंनी लगेच विषयात तक्रारदार बाईचं नाव, गाव आणि पुढे ‘नवऱ्याविरुद्ध अर्ज’ असं लिहून मेल पाठवायला सुरुवातही केली. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी मेसेजमधला ‘पुरावा’, कारण लोक त्यालाच भुलतात. स्क्रीनशॉटमध्ये मेलचा मूळ मजकूर, म्हणजे पडद्यामागचं त्याचं कच्चं रूप, उघडलाय, विषयाच्या जागी रोमन अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ आहे, भोवती लाल वर्तुळ. ‘बघा, मराठी विषय एन्क्रिप्ट झाला!’ साफ खोटं. ईमेलच्या हेडरमध्ये, म्हणजे पाठवणारा, विषय वगैरे असलेल्या वरच्या भागात, मुळात फक्त इंग्रजी अक्षरं चालत. बाकीच्या लिप्यांची सोय १९९६ च्या आरएफसी २०४७ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे दस्तऐवज) आहे: देवनागरी अक्षरं बेस६४ नावाच्या पद्धतीने रोमन अक्षरं-आकड्यांत मांडायची. त्याला ना किल्ली लागते, ना पासवर्ड. विषय ‘क’ने सुरू होत असेल, तर माळेची सुरुवात कुणाच्याही मेलमध्ये ‘४-के-एस-व्ही’ अशीच होणार. शिवाय माळेच्या आधी ‘यूटीएफ-८’ (अक्षरं साठवायची पद्धत) आणि ‘बी’ (बेस६४ची खूण) असं लिहिलेलं असतं, म्हणजे ती कशी उलगडायची हेही तिथेच दिलेलं. खात्री करायची असेल तर स्वतःलाच मराठी विषयाचा एक साधा मेल पाठवा, एन्क्रिप्शन न लावता, आणि मूळ मजकूर उघडा. अशीच माळ दिसेल.

खरी गोष्ट अशी. १९९१ पासून वापरात असलेलं पीजीपी हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर मेलचा मजकूर कुलपात घालतं. पाठवणारा, घेणारा, तारीख आणि विषय हेडरमध्ये असतात आणि ते कुलपाबाहेर राहतात.

‘स्वित्झर्लंडची सेवा वापरा, ते कुणालाच काही देऊ शकत नाहीत,’ असंही मेसेज म्हणतो. ती सेवा म्हणजे प्रोटॉन मेल. प्रोटॉनने स्वतःच जाहीर लिहून ठेवलंय की विषयाची ओळ एंड-टू-एंड (फक्त पाठवणारा आणि घेणारा वाचू शकतील अशी) एन्क्रिप्ट होत नाही, आणि स्विस न्यायालयाचा वैध आदेश आला तर विषय देणं त्यांना शक्य आहे. सेवा देणारेच हे सांगत असतील, तर फॉरवर्ड करणाऱ्याचं काय ऐकायचं?

जीमेलमधलं साधं कुलपाचं चिन्ह फक्त वाटेतल्या प्रवासापुरतं आहे. गूगलच्या सर्व्हरवर मेल वाचता येतो.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की विषय झाकणाऱ्या सेवा आहेत. टूटा ही मेलसेवा आपल्या वापरकर्त्यांमधल्या एन्क्रिप्टेड मेलचा विषयही एन्क्रिप्ट करते. थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर ओपनपीजीपीच्या (पीजीपीवर आधारलेल्या खुल्या पद्धतीच्या) मेलमध्ये खरा विषय आत घेऊन बाहेर नुसते तीन ठिपके ठेवतं. २०२५ मध्ये आरएफसी ९७८८ ने त्याची रीतसर पद्धतही ठरवून दिली. पण समोरच्याचं सॉफ्टवेअर ते पाळत नसेल, तर त्याच्या उत्तरात विषय उघडा येऊ शकतो. ‘सगळं आपोआप कुलपात’ हे तरीही खोटंच.

आणि यात धोका फक्त सर्व्हरचा नाही. नवा मेल आला की विषय फोनच्या लॉक स्क्रीनवर झळकतो. ज्या बाईचा फोन घरात नवऱ्याच्या हाती असतो, तिला ‘नवऱ्याविरुद्ध अर्ज’ असा मेल जाणं म्हणजे काय, हे फॉरवर्ड करणाऱ्यांनी क्षणभर तरी डोळ्यांसमोर आणावं.

विषयात ‘भेटीबाबत’ एवढंच लिहा, किंवा आपसात ठरवलेला क्रमांक. नाव, गाव, प्रकरण सगळं आत, मजकुरात. जे मेल आधीच तसे गेलेत, त्यांना ‘रिप्लाय’ करू नका. तोच विषय पुन्हा उघडा जातो. नवा मेल सुरू करा.